सुई हातातून डब्यात पडेपर्यंत : प्रोसिजर करताना रक्तावाटे होणारा संसर्ग कसा टाळायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे : रुग्ण एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस पॉझिटिव्ह असल्याचं कळलं की टीम दोन-दोन ग्लोव्ह्ज, जाड गाऊन, गॉगल असं सगळं चढवते, आणि तरीही कुणाला तरी सुई टोचतेच. मग अशा केसला नेमकं वेगळं काय करायचं? आणि टोचलीच तर पुढे काय?

‘अशा केसला’ हे शब्द आधी बाजूला ठेवू. पॉझिटिव्ह केससाठी वेगळी पद्धत नसते, नसावी. संसर्ग झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे रक्तात विषाणू भरपूर असतात आणि अँटीबॉडीची चाचणी मात्र निगेटिव्ह येते. हिपॅटायटिस सी मध्ये अँटीबॉडी दिसायला दोन-अडीच महिनेही लागतात. अपघाताची केस तर रिपोर्ट येण्याआधीच टेबलावर असते. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट बघून आपण जी ढिलाई करतो, ती नेमकी चुकीच्या वेळी पडू शकते. उलट ‘पॉझिटिव्ह’ ऐकल्यावर सवय नसलेले दोन ग्लोव्ह्ज, धुकं धरणारा गॉगल, ‘लवकर आटपा’चा सूर आणि बिथरलेले हात एकत्र आले की टोचण्याची शक्यता वाढते. म्हणूनच १९८७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सगळ्यांच्या रक्ताकडे संसर्गजन्य म्हणूनच बघायचा नियम पुढे आणला आणि १९९६ मध्ये तो ‘स्टँडर्ड प्रिकॉशन्स’ या नावाने व्यापक केला. पॉझिटिव्ह रुग्णासाठी जे करावंसं वाटतं, ते रोज, प्रत्येकाला करायचं. हाताला तेच वळण पडलं पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ग्लोव्ह सुईला अडवत नाही. ग्लोव्ह रक्ताला अडवतो. सुई अडवायची तर सुईचा प्रवास बदलावा लागतो : पाकिटातून बाहेर आली, कुणाच्या हातात गेली, काम झाल्यावर कुठे ठेवली, कुणी उचलली, डब्यात कधी पडली. वॉर्डात टोचण्याच्या घटनांचा मोठा वाटा सुईचं काम संपल्यानंतरचा असतो. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, टाके घालताना आणि हत्यार या हातातून त्या हातात जाताना टोचतं. या दोन्ही ठिकाणी ‘काळजी घ्या’ म्हणून उपयोग नसतो. मांडणी बदलली तरच फरक पडतो.

धोका किती, कशाचा

पॉझिटिव्ह रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. डोळ्यात, तोंडात रक्त उडालं तर सुमारे ०.०९ टक्के. हिपॅटायटिस सी साठी जुना आकडा १.८ टक्के होता, अलीकडच्या मोठ्या नोंदींत तो ०.२ टक्क्यांच्या आसपास दिसतो. हिपॅटायटिस बी चा मात्र, लस न घेतलेल्या माणसाला, ६ ते ३० टक्के. रुग्णाचं ई-अँटिजेन (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) पॉझिटिव्ह असेल तर धोका वरच्या टोकाला जातो, कारण तेव्हा एक मिलिलिटर रक्तात विषाणूंची संख्या कोटींच्या घरात असते. डोळ्याला न दिसणारा थेंबही पुरतो. शिवाय हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस तग धरतो. ट्रॉलीच्या कडेवरचा तपकिरी डाग आणि हातावरची जुनी चीर एवढ्यावरही संसर्ग होऊ शकतो. सगळी भीती एचआयव्हीची आणि लस मात्र अर्धवट, हे चित्र फार ठिकाणी दिसतं, आणि ते खरंच काळजीचं आहे.

रक्ताशिवाय धोकादायक द्रव कोणते? मणक्यातलं, सांध्यातलं, फुप्फुसाभोवतीचं, पोटातलं, हृदयाभोवतीचं पाणी, गर्भजल, वीर्य, योनिस्राव. लघवी, शौच, घाम, अश्रू, थुंकी, उलटी यांत रक्त दिसत नसेल तर या तीन विषाणूंच्या दृष्टीने त्यांचा धोका धरत नाहीत.

सगळ्या सुया सारख्या नसतात. इंजेक्शनची किंवा रक्त काढायची सुई पोकळ असते, तिच्या नळीत रक्त साठलेलं असतं. टाक्याची सुई भरीव, तिच्यावर फक्त बाहेरून रक्त लागतं, आणि ग्लोव्हमधून जाताना त्यातलंही बरंच पुसलं जातं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचआयव्हीच्या अभ्यासात चार गोष्टींनी धोका वाढलेला दिसला : जखम खोल असणं, सुईवर रक्त स्पष्ट दिसणं, सुई थेट शिरेतून किंवा धमनीतून आलेली असणं, आणि रुग्णाचा आजार शेवटच्या टप्प्यात असणं. कुणाला टोचलं की हेच प्रश्न पहिल्यांदा विचारायचे.

लस आणि टायटर

हिपॅटायटिस बी ची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी, दंडाच्या डेल्टॉइड स्नायूत. कुल्ल्यात देऊ नये. तिथे ती चरबीत अडकते आणि प्रतिसाद कमी येतो. मधला डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, राहिला तिथून पुढे चालू करायचं.

तिसऱ्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटी-एचबीएसचं टायटर, म्हणजे लसीने तयार झालेल्या अँटीबॉडीचं रक्तातलं प्रमाण, तपासायचंच. १० एमआययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त आलं तर तो कागद फाइलला लावून ठेवा. पुढे काही वर्षांनी टायटर दहाच्या खाली घसरलं तरी निरोगी माणसाच्या शरीराची ‘आठवण’ शाबूत असते, संरक्षण टिकतं. पण वेळेवर टायटर केलंच नसेल आणि पाच वर्षांनी ४ आलं, तर हा कधीच प्रतिसाद न देणारा आहे की देऊन घसरलेला, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. घोळ इथेच होतो, आणि तोही नेमका सुई टोचलेल्या रात्री. तिसऱ्या डोसनंतरच्या तपासणीतच टायटर दहाच्या खाली असेल तर तीन डोसची दुसरी फेरी. त्यानंतरही प्रतिसाद नसेल तर आधी त्या व्यक्तीचंच एचबीएसएजी (रक्तात हिपॅटायटिस बी चा विषाणू असल्याची खूण) तपासा. काही जण स्वतःच वाहक निघतात आणि त्यांना वेगळ्या सल्ल्याची गरज असते.

रक्त काढताना, सलाईन लावताना

सुईचं पाकीट फोडण्याआधी शार्प्सचा, म्हणजे वापरलेल्या सुया-ब्लेड टाकायचा, डबा कुठे आहे ते बघा. तो पलंगाच्या पलीकडे किंवा नर्सिंग स्टेशनवर असेल तर प्रोसिजर सुरूच करू नका. हात लांब केला की पोहोचला पाहिजे, तोंड दिसलं पाहिजे. भिंतीवर लावायचा असेल तर उभ्याने काम करणाऱ्यासाठी त्याचं तोंड जमिनीपासून सुमारे १३२ ते १४२ सेंटिमीटरवर यावं, असं अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचं मार्गदर्शन आहे. याहून उंच असेल तर आत काय आहे ते दिसत नाही आणि वर आलेली सुई बोटाला लागते. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. ‘अजून दोन मावतील’ म्हणून वरून दाबणं हे सुई टोचून घेण्याचं एक ठरलेलं कारण आहे. आणि डबा म्हणजे कडक, न भोसकणारा डबा. पिशवी नव्हे.

आता क्रम. रुग्णाला आधी सांगा, ‘टोचणार आहे, हात हलवू नका.’ लहान मूल किंवा गोंधळलेला रुग्ण असेल तर धरायला दुसरं माणूस घ्या. एकट्याने झटापट नको. रक्त आलं की पट्टा सोडा, कापूस वर नुसता ठेवा, सुई बाहेर काढा, मग दाबा. सुई आत असतानाच दाबलं तर रुग्णाला दुखतं, तो हात ओढतो आणि सुई उडते. सुई बाहेर आल्या क्षणी सेफ्टी कव्हर त्याच हाताच्या अंगठ्याने किंवा टेबलाच्या कडेवर दाबून बसवा. दुसरा हात सुईच्या टोकापुढे कधीही आणायचा नाही. ‘टक्’ आवाज आला पाहिजे. आवाज न येता नुसतं झाकलेलं कव्हर डब्यात टाकताना उघडतं. मग सुई थेट डब्यात. ट्रेमध्ये नको, गादीवर नको, कागदात गुंडाळून तर नकोच.

बटरफ्लाय म्हणजे पंख आणि लांब नळी असलेल्या सुईचा स्वभाव वेगळा. तिची नळी पाकिटात वेटोळं घालून बसलेली असते आणि तिला त्या वेटोळ्याची सवय असते. सुई बाहेर काढून नळी सोडली की नळी उलटी फिरते, आणि सुई कोब्रासारखी मान वळवून मनगटाकडे येते. म्हणून पंख किंवा बूड डब्याच्या तोंडापर्यंत बोटांतून सोडायचं नाही. आधी सुई आत टाका, मागोमाग नळी. बटण दाबून सुई आत ओढली जाणारा प्रकार मिळत असेल तर बटण सुई शिरेत असतानाच दाबायचं असतं. त्यासाठीच तो बनवलेला आहे.

सिरिंजने काढलेलं रक्त ट्यूबमध्ये भरताना एका हातात ट्यूब, दुसऱ्या हातात सुई असं कधीही नको. नेम चुकला की सुई थेट ट्यूब धरलेल्या बोटात जाते, आणि ही सुई पोकळ, रक्ताने भरलेली, शिरेतून आलेली असते. वर सांगितलेल्या चारपैकी बहुतेक अटी इथे एकत्र येतात. शक्य असेल तिथे व्हॅक्यूम ट्यूब आणि होल्डर वापरा. सिरिंजच असेल तर सुई सुरक्षित करून डब्यात टाका आणि रक्त ट्रान्सफर डिव्हाइसने भरा. तेही नसेल तर ट्यूब स्टँडमध्ये उभी करा, एकाच हाताने टोचा आणि रक्त व्हॅक्यूमला ओढू द्या. दट्ट्या दाबला तर बूच उडतं आणि रक्त तोंडावर येतं. होल्डरमधून सुई फिरवून वेगळी करायची नाही. मागच्या बाजूलाही रबराने झाकलेली दुसरी सुई असते आणि ती झाकलेली असल्यामुळेच विसरली जाते. होल्डरसकट टाका.

इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवायची नळी, लावताना स्टायलेटचा, म्हणजे तिच्या आतल्या सुईचा, प्रश्न येतो. एका हाताने कॅथेटरच्या टोकाच्या वर शीर दाबून धरलेली, दुसऱ्या हातात स्टायलेट, आणि चिकटपट्टी अजून लावायची आहे. अशा वेळी स्टायलेट पलंगावर ठेवली जाते, चादरीत सरकते आणि दोन तासांनी चादर बदलणाऱ्याला टोचते. त्याला ती कुणाची, कधीची, काहीच कळत नाही. डबा हातापाशी असेल तर स्टायलेट आधी डब्यात, मग जोडणी, मग पट्टी.

टोपण परत लावण्याबद्दल

लावू नका, वाकवू नका, मोडू नका. दोन हातांनी टोपण लावताना तीन प्रकारे चूक होते, आणि तिन्ही काळजीपूर्वक काम करणाऱ्यालाही होतात. टोपणाचं तोंड काही मिलिमीटरचं, नेम चुकला की सुई टोपण धरलेल्या अंगठ्यात किंवा तर्जनीत. सुई तिरकी गेली तर टोपणाच्या बाजूतून आरपार. आणि टोपण घट्ट बसलं, मग जोर लावून ओढलं, की सुटल्यावर हात स्प्रिंगसारखा मागे येतो आणि तीच सुई दुसऱ्या हातात घुसते.

कधीकधी खरोखर पर्याय नसतो. दाताच्या डॉक्टरांना भूल देणारी सुई एकाच रुग्णाला थोड्या वेळाने पुन्हा लागते. तेव्हा एकहाती पद्धत. टोपण ट्रेमध्ये आडवं, तळ कशाला तरी टेकलेला. दुसरा हात पाठीमागे किंवा मांडीवर. सुई टोपणात सरकवा, सिरिंज उभी करा, मग टोपण टेबलावर दाबून बसवा. दुसरा हात टोपण पूर्ण बसल्यानंतरच, आणि तोही बुडाजवळ.

ओटीत

टाके घालताना टोचतं ते बहुतेक वेळा सर्जनच्या डाव्या तर्जनीला किंवा अंगठ्याला, म्हणजे न शिवणाऱ्या हाताला. कारण साधं आहे. उजवा हात सुई आत घालतो आणि डावं बोट पलीकडे ‘टोक कुठे येतंय’ ते चाचपत असतं. पोटाचा फॅशिया (स्नायूंवरचा घट्ट पडदा) बंद करताना खाली आतडं असतं म्हणून बोट आत घालून संरक्षण करायची सवय असते, आणि तिथेच सर्वाधिक टोचतं. असिस्टंटचा हातही तिथेच असतो, थकवाही तेव्हाच आलेला असतो. उपाय चार, आणि चारही हाताळणीचे :

ऊती हाताने नव्हे, रिट्रॅक्टरने धरा. टोक बोटाने नव्हे, चिमट्याने शोधा आणि चिमट्यानेच धरा. नीडल होल्डरमध्ये सुई पुन्हा बसवतानाही बोट न लावता चिमटा वापरा. गाठ मारण्याआधी सुई कापून टाका. धागा पुढे वापरायचाच असेल तर सुईचं टोक होल्डरच्या जबड्यात बंद करून मग गाठ मारा. सुई धाग्याला लोंबकळत ठेवून गाठ मारली की ती हाताभोवती फिरते, आणि तुमचं लक्ष गाठीवर असतं.

स्नायू आणि फॅशियासाठी बोथट टोकाची सुई मिळते. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात बोथट सुयांमुळे ग्लोव्ह भोसकण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. थोडा जास्त जोर लावावा लागतो. पहिल्या काही केसेसला हात नाखूष असतो, मग लक्षातही येत नाही. पोट बंद करताना तीक्ष्ण सुई वापरण्याला, माझ्या मते, आता फारसं समर्थन उरलेलं नाही. त्वचेसाठी शक्य तिथे स्टेपलर किंवा टिश्यू ग्लू.

हत्यार देण्या-घेण्यासाठी ‘न्यूट्रल झोन’ ठेवा : किडनी ट्रे, चुंबकीय मॅट किंवा ड्रेपवरची ठरवलेली जागा. स्क्रब नर्स तिथे ठेवते आणि ‘शार्प’ म्हणते. तिचा हात बाहेर आल्यावर सर्जन उचलतो. परत करतानाही तसंच. दोन नियम पाळले नाहीत तर झोन असून नसल्यासारखा : एका वेळी एकच तीक्ष्ण वस्तू, आणि एका वेळी एकच हात. मुठीची बाजू उचलणाऱ्याकडे. मायक्रोस्कोपवर नजर खिळलेली असेल, मान हलवता येत नसेल, तर थेट हातात द्यावं लागतं; तेव्हा तोंडी सूचना आणि टोक दोघांपासून दूर. झोन कुठे असेल हे केस सुरू होण्याआधी टाइम-आउटमध्ये, म्हणजे टीम थांबून खातरजमा करते तेव्हाच, ठरवा. चीर घेतल्यावर ठरवायला कुणालाच सवड नसते.

ब्लेड बसवायचं-काढायचं ते आर्टरीने (आर्टरी फोर्सेप्स या पकडीच्या चिमट्याने) किंवा ब्लेड रिमूव्हरने. काढताना हँडल खाली रोखून धरा, आर्टरीने ब्लेडची मागची कड पकडा, किंचित उचला आणि अंगापासून लांब सरकवा. ब्लेड अचानक सुटतं, म्हणून समोर कुणी उभं नको. त्वचेच्या खालचे थर कॉटरीने (विजेच्या उष्णतेने कापणाऱ्या उपकरणाने) उघडता येतात, तिथे ब्लेडचा हट्ट नको. हाडांच्या केसमध्ये के-वायरची (हाड जोडायच्या धातूच्या तारेची) कापलेली टोकं लगेच वाकवा किंवा टोपी घाला, आणि फ्रॅक्चरच्या कंगोऱ्यांना बोटाने चाचपू नका; हाडाची कड ग्लोव्ह न जाणवता फाडते. मोजणीत सुई कमी भरली तर ड्रेपमध्ये हात घालून शोधायचं नाही. चुंबक फिरवा.

ग्लोव्ह, गाऊन, डोळे

दुहेरी ग्लोव्हने आतला ग्लोव्ह भोसकला जाण्याचं प्रमाण ७१ टक्क्यांनी कमी होतं, हा कॉक्रेनच्या २०१४ च्या आढाव्याचा आकडा. बोटं बधिर वाटतात अशी तक्रार असते; त्याचं बरंचसं कारण चुकीचा साइज असतो. बऱ्याच जणांना आतला ग्लोव्ह अर्ध्या नंबराने मोठा आणि बाहेरचा नेहमीचा अशी जोडी सोसते : नेहमी ७ घालत असाल तर आत साडेसात, बाहेर ७. आतला गडद रंगाचा घेतला तर बाहेरच्याला भोक पडल्यावर ओलावा आत शिरून तिथे गडद ठिपका उमटतो. नाहीतर बहुतेक बारीक भोकं केस संपेपर्यंत कळतच नाहीत.

लांबलेल्या केसमध्ये साधारण ६० ते ९० मिनिटांनी बाहेरचा जोड बदला. वेळ वाढेल तशी भोकं वाढतात. बोन सिमेंट (कृत्रिम सांधा हाडात बसवायचं) हाताळल्यावर लगेच बदला, कारण त्यातला द्रव रबरातून आरपार जातो. तेलकट क्रीम लावून लॅटेक्स घालू नका, रबर कुजतं. टोचलं तर वरून तिसरा ग्लोव्ह चढवणं हा उपाय नाही : दोन्ही काढा, हात बघा, धुवा, नवे घाला. हातावर चीर असेल तर आधी पाणी न शिरणारी पट्टी. हाताला पाझरणारा इसब असेल तर बरा होईपर्यंत रक्ताच्या कामापासून लांब राहिलेलं बरं.

नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. थेंब बाजूने आणि खालून येतो. बाजू झाकणारा गॉगल किंवा हनुवटीपर्यंतचा व्हायझर हवा. रक्त उडण्याच्या वेळा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत : धमनीतली लाइन काढताना, जोराने पाणी मारून जखम धुताना, बाळंतपणात पाण्याची पिशवी फुटताना, करवतीचं काम चालू असताना, सक्शनची बाटली सिंकमध्ये ओतताना. शेवटच्या वेळी सहसा कुणी गॉगल घातलेला नसतो.

गाऊनबद्दल एवढंच : जास्त रक्तस्रावाच्या केसला अँसी-आमी या अमेरिकन मानकाच्या वर्गवारीतला लेव्हल ४ चा, कारण विषाणू आरपार जातो का ही चाचणी त्याच पातळीला लागते. रक्त भिजून आत येतं ते बाह्या आणि पोटापाशी. चपला पुढून बंद हव्यात, पडणारं ब्लेड पावलावरच पडतं.

काम संपल्यावर

वापरलेल्या हत्यारांचा ढीग साबणाच्या गढूळ पाण्यात आणि त्यात हात, हे दृश्य सगळ्यात धोक्याचं, आणि ते काम करणाऱ्याला बहुधा सगळ्यात पातळ ग्लोव्ह दिलेला असतो. तीक्ष्ण हत्यारं वेगळ्या ट्रेमध्ये, जाड रबरी ग्लोव्ह, लांब दांड्याचा ब्रश, घासणं पाण्याच्या पातळीखाली म्हणजे तुषार उडत नाहीत. ट्रे रिकामा करणाऱ्याकडे जाण्याआधी ज्याने ब्लेड आणि सुया वापरल्या त्यानेच त्या काढून टाकायच्या. हत्यारं हायपोक्लोराइटमध्ये भिजत घालू नका, गंजतात. एन्झाइमचं डिटर्जंट वापरा.

जमिनीवर रक्त सांडलं तर आधी काचा-सुया चिमट्याने उचला, मग रक्त टिपकागदाने शोषून घ्या, आणि मग ०.५ टक्के क्लोरीनचं द्रावण ओता. पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर एक भाग त्यात नऊ भाग पाणी. १० मिनिटं थांबा, पुसा. रक्तावरच थेट ओतलं तर क्लोरीन रक्तातल्या प्रथिनांवरच खर्ची पडतं. द्रावण रोज ताजं करा. लघवीवर ओतू नका, विषारी वायू निघतो.

टोचलंच तर

काम थांबवा, जागा दुसऱ्याला द्या. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, चोखू नका, स्पिरिट-ब्लीच ओतू नका. पिळण्याने विषाणू बाहेर येतो याला आधार नाही आणि ऊतीला इजा मात्र होते. डोळ्यात गेलं तर पाण्याने किंवा सलाईनने १० ते १५ मिनिटं धुवा. काँटॅक्ट लेन्स असेल तर आधी लेन्ससकट धुवा, मग काढा आणि पुन्हा धुवा. तोंडात गेलं तर थुंका, अनेक चुळा भरा.

रुग्णाच्या संमतीने त्याचं एचआयव्ही, एचबीएसएजी आणि हिपॅटायटिस सी तपासा. टोचलेली सुई तपासायला पाठवू नका, त्याचा उपयोग नाही. स्वतःचं त्याच दिवशीचं रक्त द्या : एचआयव्ही, एचबीएसएजी, अँटी-एचबीएस, हिपॅटायटिस सी, एएलटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), गरज असेल तर गर्भधारणेची चाचणी. आज तुम्ही निगेटिव्ह होता हे पुढे दाखवायला हाच कागद लागतो.

एचआयव्हीचा धोका वाटत असेल तर पीईपीचा, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठी संपर्कानंतर घ्यायच्या औषधांचा, पहिला डोस रिपोर्टची वाट न बघता घ्या. तो शक्यतो पहिल्या एक-दोन तासांत पोटात जावा; ७२ तासांनंतर सुरू करत नाहीत. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं की विषाणू आधी जखमेजवळच्या पेशींत असतो आणि दोन-तीन दिवसांत लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचतो. आपल्याला तेवढीच सवड मिळते. वर सांगितलेल्या १९९७ च्याच अभ्यासात झिडोव्ह्युडिन या एचआयव्हीवरच्या एकट्या जुन्या औषधानेही धोका सुमारे ८१ टक्क्यांनी घटला होता. आजची औषधं त्याहून चांगली आणि सोसायला सोपी आहेत. नेहमीची जोडणी : टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्ह्युडिन ३०० मिग्रॅ, डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिग्रॅ, दिवसातून एकदा, २८ दिवस. अँटासिड, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर डोल्युटेग्रॅव्हिर त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर, नाहीतर ते शोषलंच जात नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. स्वतः हिपॅटायटिस बी चे वाहक असाल तर २८ दिवसांनी गोळ्या बंद होताना यकृताचा आजार उसळू शकतो. एएलटीवर लक्ष हवं. रुग्णाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि नुकत्याच झालेल्या संसर्गाची शंका नसेल तर गोळ्या थांबवता येतात. म्हणूनच ‘आधी रिपोर्ट, मग गोळी’ हा क्रम उलटा आहे.

हिपॅटायटिस बी साठी टायटर दहाच्या वर आल्याचा जुना कागद असेल तर काहीही करावं लागत नाही. लस घेतलेलीच नसेल आणि रुग्ण पॉझिटिव्ह असेल तर हिपॅटायटिस बी चं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडी) ०.०६ मिलिलिटर प्रति किलो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३.६ मिलिलिटर, आणि लसीचा पहिला डोस दुसऱ्या जागी. शक्यतो २४ तासांत. सहा डोस घेऊनही प्रतिसाद नसलेल्याला इम्युनोग्लोब्युलिनचे दोन डोस, महिन्याच्या अंतराने. हिपॅटायटिस सी साठी आधी द्यायचं औषध नाही. ३ ते ६ आठवड्यांनी आरएनए (थेट विषाणूची चाचणी) आणि ४ ते ६ महिन्यांनी अँटीबॉडी करायची. संसर्ग निघालाच तर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात.

एचआयव्हीची फेरतपासणी ६ आणि १२ आठवड्यांनी. तुमच्याकडच्या नियमावलीत ६ महिन्यांची असेल तर तीही. तोवर कंडोम वापरा, रक्तदान करू नका, अंगावर पाजत असाल तर सल्ला घ्या. काम बंद करायची गरज नसते. मधल्या काळात ताप, पुरळ, घसा, गळ्यात गाठी असं एकत्र आलं तर तारखेची वाट न बघता चाचणी करा. आणि पहिले काही आठवडे झोप उडते, घरी सांगावं की नाही कळत नाही; त्या माणसाजवळ कुणीतरी बसून नीट बोलायला हवं, ही उपचाराचीच बाब आहे.

नोंद त्याच दिवशी करा. ‘निष्काळजीपणामुळे सुई टोचली’ एवढं लिहिलेल्या नोंदीचा कुणाला उपयोग होत नाही आणि पुढच्या वेळी माणूस लपवतो. असं लिहा : ‘पहाटे चार वाजता, २१ नंबरची सुई, शिरेतलं रक्त, सुईवर रक्त दिसत होतं, एक ग्लोव्ह, उजवी तर्जनी, खोल; सुई डब्यात टाकताना; डबा काठोकाठ भरलेला; शिफ्टमध्ये डबा बदलणारं कुणी नेमलेलं नव्हतं.’ अशा नोंदी महिन्यातून एकदा एकत्र वाचल्या की कुठला डबा हलवायचा, कुठली सुई बदलून मागायची आणि कुठल्या शिफ्टला आणखी एक माणूस द्यायचं ते समोर येतं.